लोणावळ्याचे योगसंशोधक स्वामी कुवलयानंद

लोणावळा म्हटले की बाहेरगावच्या माणसास पाऊस, धुके आणि चिक्की आठवते. परंतु १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील येल विद्यापीठाचे एक अभ्यासक, कोवूर बेहानन, बोरघाट चढून या गावी आले ते थंड हवेसाठी नव्हे. श्वासाचे मोजमाप करणाऱ्या एका मराठी साधकाकडे शिकण्यासाठी ते आले होते. हे साधक म्हणजे ‘कैवल्यधाम’ या संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद होत.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती, परंतु बुद्धी तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली व ते बडोद्याच्या कॉलेजात दाखल झाले. त्या काळी बडोद्याच्या हवेतच देशभक्ती होती. अरविंद घोष तेथे अध्यापन करीत होते आणि लोकमान्य टिळकांचा शब्द महाराष्ट्राबाहेरच्या मराठी तरुणांनाही प्रमाण वाटत होता. जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे या तरुणाने शरीर कमावले. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करावयाची, असा संकल्पही त्याने याच सुमारास केला. विशीतील संकल्प पुष्कळांचे असतात. त्यांतील किती तडीस जातात हे प्रत्येकास आपापल्या घरी पाहता येते.

पदवीनंतर गुणे खानदेशात अमळनेरला गेले. पुढे साने गुरुजी ज्या गावी शिक्षक झाले तेच हे अमळनेर. प्रत्यक्ष जनसामान्यांत वावरू लागल्यावर त्यांना जे दिसले ते व्यासपीठावरून दिसत नव्हते. ज्या जनतेसाठी सर्वस्व वाहावयाचे, ती अक्षरशत्रू होती, अंधश्रद्धेत गुरफटलेली होती. घोषणांनी ती जागी होणार नाही, तिला शिक्षणच हवे, हे त्यांनी ओळखले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात त्यांनी स्वतःस झोकून दिले आणि १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. भारतीय संस्कृतीचे शिक्षण द्यावे, त्यातून चारित्र्यवान पिढी घडावी, हे त्यांचे स्वप्न होते.

हे स्वप्न चार वर्षे टिकले. १९२० साली इंग्रज सरकारने राष्ट्रीय वृत्तीच्या या महाविद्यालयास टाळे लावले. त्या वेळी गुणे यांचे वय सदतीस होते. संसार मांडला नव्हता, धनसंचय केला नव्हता, आणि ज्यासाठी हे सारे सोडले ते हातचे गेले होते. व्यापारी भाषेत बोलायचे तर भांडवल सगळे गुंतलेले आणि पेढी बंद, अशी ही अवस्था. अशा वेळी माणूस एक तर कडवट होतो किंवा निमूटपणे नोकरीस लागतो. गुणे यांचे दोन्ही झाले नाही, याचे कारण आदल्याच वर्षी त्यांना भेटलेले गुरू.

बडोद्याजवळ नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराज राहत असत. १९१९ साली गुणे त्यांच्याकडे गेले व त्यांच्यापाशी योगसाधना शिकले. तोपर्यंत त्यांचे सुख सर्वस्वी बाहेरच्या घडामोडींवर टांगलेले होते. देश जागा झाला, विद्यार्थी घडले, सरकार नमले, तर समाधान. यांपैकी एकही गोष्ट एका माणसाच्या स्वाधीन नाही. आसन घट्ट करणे, श्वास संथ करणे, चित्त स्थिर ठेवणे मात्र ज्याच्या त्याच्या स्वाधीन आहे, आणि त्यातून येणारी प्रसन्नता कोणा सरकारला जप्त करता येत नाही. तरुणपणीच्या संकल्पाचा एक भाग असा गळून पडला. ब्रह्मचर्य आणि सेवा हा दुसरा भाग मात्र अखेरपर्यंत टिकला.

स्वामीजींचे वेगळेपण असे की, गुरूंनी सांगितले म्हणून खरे, येथे ते थांबले नाहीत. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान बंध व नौली या क्रियांची तपासणी केली. क्ष-किरण यंत्र व दाबमापक नळी ही त्यांची साधने होती. नौली करताना मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेहून कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी मोजून दाखविले. बस्ती क्रियेत पाणी वर कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या निष्कर्षास त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली व ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक त्याच साली सुरू झाले. ‘कैवल्य’ हा शब्द जैन वाचकास नवा नाही. केवलज्ञानाशी त्याचे नाते उघड आहे. मावळची भूमीही साधकांना परकी नव्हे. कार्ले, भाजे, बेडसे येथे भिक्षूंनी वर्षावास केले, आणि पाले येथील लेण्यात अरहंतांना वंदन करून आरंभ होणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे. त्याच मावळात दोन हजार वर्षांनी यंत्रे घेऊन हे साधक बसले.

त्यांच्या सचोटीचे एक उदाहरण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्राणायामाने शरीरास भरपूर प्राणवायू मिळतो, अशी त्या काळी भाविकांची ठाम समजूत होती. स्वामीजींनी प्रत्यक्ष मोजले तेव्हा तसे आढळले नाही. त्यांनी ते लपविले नाही, आपल्याच त्रैमासिकात छापले. प्राणायामाचे मोल अन्य परिणामांत आहे, असे त्यांचे मत होते. आपल्याच मालातील उणेपण स्वतः सांगणारा दुकानदार विरळा!

पुढे कार्य वाढत गेले. १९२७ साली आजारपणानंतर महात्मा गांधींनी आसनांविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला व त्यांचे मार्गदर्शन घेतले. १९३६ मध्ये मुंबईस चौपाटीवर ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यास गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचे महाविद्यालय निघाले, आणि १९६१ साली योगिक रुग्णालय सुरू झाले. धनिकांच्या दानास अशी योग्य जागा मिळणे, हेही भाग्यच.

अमळनेरचा शिक्षक मात्र त्यांच्यातून गेला नव्हता. १९३६ सालीच शाळांतील मुलांनी समूहाने करावयाच्या योगिक व्यायामाची ‘यौगिक संघ व्यायाम’ ही पुस्तिका त्यांनी सिद्ध केली. ज्या राजवटीने त्यांचे महाविद्यालय बंद केले, तिच्याच अमदानीत ते पुन्हा मुलांपर्यंत पोहोचले. या वेळी त्यांच्याजवळ व्याख्यान नव्हते. ताठ बसणे आणि श्वास सावकाश सोडणे, एवढेच होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी लोणावळ्यासच त्यांचे देहावसान झाले. स्वामी दिगंबरजींनी संस्थेची धुरा पुढे वाहिली. २०२४ साली कैवल्यधामास शंभर वर्षे पूर्ण झाली.