विल्हेल्म मायबाख

जर्मनीतील हाइलब्रॉन या गावी ९ फेब्रुवारी १८४६ रोजी एका सुताराच्या घरी विल्हेल्म मायबाख यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी आई गेली आणि दहाव्या वर्षी वडिलांचे छत्रही हरपले. रॉयट्लिंगेन येथील एका सेवाभावी संस्थेने त्या पोरक्या मुलास आश्रय दिला. संस्थेच्या यंत्रशाळेत तो आराखडे काढण्यास शिकला. पुढे तेथे प्रमुख म्हणून आलेल्या गॉटलीब डाइमलर यांच्या नजरेत या अबोल मुलाची कुशलता भरली, आणि दोघांचा जन्माचा स्नेह जुळला.

१८८२ साली दोघे कानश्टाट येथे आले. डाइमलर यांच्या बागेतील काचघर हाच त्यांचा कारखाना. दारे लावून रात्रंदिवस चाललेली खटपट पाहून माळ्यास संशय आला, की आत खोटी नाणी पाडतात! पोलिसांनी शिरून पाहिले, तो सापडली केवळ इंजिने. त्या काचघरातूनच १८८५ साली इंजिनाची दुचाकी बाहेर पडली, आणि १८८६ साली एका घोडागाडीला इंजिन बसविण्यात आले.

परंतु इंजिन जितके बळकट, तितके ते अधिक तापे. फार तापले म्हणजे तेल पातळ होई, धातू फुगे व यंत्र अडकून बसे. म्हणून त्याभोवती पाणी खेळवीत. ते उकळून वाफ होऊन जाई, आणि गाडीस पाण्याचा मोठा साठा वाहावा लागे. बळ वाढवावे, तर मोटारीचा पाण्याचा टँकरच व्हावयाचा! टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या नगर जिल्ह्यातील मुलांस याहून अधिक सांगावयास नको.

ऊन चहा कपातून बशीत ओतला, की लवकर निवतो. कारण त्यास अधिक वारा लागतो. मायबाख यांनी हेच जाणले. पाणी वाढवावयाचे नाही. त्यास वारा लागेल अशी जागा वाढवावयाची. १८९७ साली त्यांनी पाण्याच्या टाकीतून अनेक बारीक नळ्या आरपार बसविल्या व त्यांतून वारा वाहू दिला. १९०० साली याच कल्पनेतून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध झाला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या! नळ्यांतून वारा, आणि त्यांमधील अरुंद फटींतून पाणी. मागे एक पंखा. पाण्याची गरज निम्म्यावर, सुमारे ९ लिटरांवर आली.

तांबे उष्णता झटकन वाहून नेते. आपला न्हाणीघरातील बंब तांब्याचा असतो तो उगाच नव्हे. पुढे कित्येक दशके रेडिएटर तांब्यापितळेचेच होत असत. मात्र नुसत्या तांब्याने भागत नाही. घरातील पाण्याचा एकच जाड तांब्याचा नळ वेटाळून मोटारीस बसविला, तर पाणी वाहील, पण पुरेसे निवणार नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तेथील अभियंत्यांपुढेही इंजिनाच्या उष्णतेचा हा प्रश्न असतोच.

पस्तीस अश्वशक्तीच्या त्या मोटारीने मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यती गाजविल्या. हे यश पाहावयास डाइमलर हयात नव्हते. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने मोटारीस आपल्या लहान मुलीचे मर्सिडीज हे नाव दिले. मायबाख यांचे नाव त्या गाडीवर कोठेच नव्हते. पुढे कंपनीत त्यांचा मान उरला नाही, व १९०७ साली ते बाहेर पडले. तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. तरीही १९०९ साली, पुत्र कार्ल यांच्यासह, त्सेपेलीन यांच्या आकाशनौकांसाठी इंजिने घडविण्याचा नवा कारखाना त्यांनी उभा केला. २९ डिसेंबर १९२९ रोजी श्टुटगार्ट येथे, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.