करार हॅसलिंग्डनचा, कसोटी लॉर्ड्‌सची

सेंगकांगच्या इमारतींलगतच्या मैदानांवर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांना एनबीएची वेतनमर्यादा नवी नसते. १९८४-८५च्या हंगामापासून ती लागू आहे. एका महागड्या खेळाडूवर पैसा गेला की उरलेल्या जागा स्वस्तात भराव्या लागतात. मानधनाचा नियम संघाची घडण कशी बदलतो, हे भारतीय क्रिकेटने मात्र त्याच्या ३२ वर्षे आधी पाहिले होते, विनू मांकड यांच्या निमित्ताने.

मांकड १९१७ साली जामनगरला जन्मले आणि पुढे मुंबईचे झाले. १९४६च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी हजारांवर धावा काढल्या आणि शंभरांवर बळीही घेतले. फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात त्यांचे १२ बळी होते.

इतके असूनही क्रिकेटवर घर चालवणे कठीण होते. लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक क्लबला एकच व्यावसायिक खेळाडू ठेवता येई. बाकी सारे हौशी. म्हणून त्या एका जागेसाठी क्लब जगभरातला उत्तम खेळाडू शोधत आणि त्याला बरे पैसे देत. हॅसलिंग्डन क्लबने १९५२च्या हंगामासाठी मांकड यांना विचारले. त्याच उन्हाळ्यात भारताचा इंग्लंड दौरा होता. संघात निवड निश्चित असेल तर करार नाकारण्याची त्यांची तयारी होती. मंडळाने हमी दिली नाही. हमी मागणे आजच्या कोणत्याही नोकरदाराला रास्तच वाटेल. तेव्हा ते आगाऊपणाचे ठरले.

मांकड हॅसलिंग्डनला गेले आणि सांगलीच्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालील संघ त्यांच्याविना उतरला. हेडिंग्लेला दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य असतानाच ४ गडी बाद झाले. आता मंडळालाच क्लबकडे शब्द टाकावा लागला. हॅसलिंग्डनने आपला एकमेव व्यावसायिक खेळाडू मोकळा केला.

लॉर्ड्‌सवर त्यांनी सलामीला येऊन ७२ धावा केल्या. मग इंग्लंडच्या ५३७ धावांच्या डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी टिपले. एवढ्या श्रमानंतर पुन्हा सलामीलाच येऊन त्यांनी १८४ धावा काढल्या. हजारे यांच्यासह तिसऱ्या गड्यासाठी २११ धावांची भागी केली. सामना भारताने ८ गड्यांनी गमावला, तरी तो आजही मांकड यांच्याच नावाने ओळखला जातो.

उरलेल्या दोन्ही कसोट्यांत ते खेळले. मालिका भारताने ०-३ अशी गमावली. १९५६च्या जानेवारीत मद्रासला पंकज रॉय यांच्यासह त्यांनी केलेली ४१३ धावांची सलामी ५२ वर्षे अबाधित राहिली. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९ वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धा आज त्यांच्या नावाने भरते.