चौदा अक्षरांत दडवलेला नियम

स्टँडला टांगलेली स्प्रिंग, तिच्या टोकाला एकेक करून अडकवलेली वजने, शेजारी उभी फूटपट्टी आणि आलेखाच्या कागदावर उमटणारी सरळ रेषा! विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना शाळा-कॉलेजातील हा प्रयोग आठवत असेल. त्याला जोडलेले हूक हे नावही आठवेल. पण त्या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

रॉबर्ट हूक यांचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. प्रकृतीने नाजूक असलेला हा मुलगा यंत्रांच्या प्रतिकृती करण्यात रमत असे. १६४८ मध्ये पितृछत्र हरपल्यावर तो लंडनला आला. तेथे शालेय शिक्षण पूर्ण करून त्याने ऑक्सफर्ड गाठले. रॉबर्ट बॉइल यांच्यासाठी त्याने उभारलेला हवेचा पंप विज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. पुढे १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने हूक यांच्यावर प्रयोगांची जबाबदारी सोपवली. दर आठवड्याच्या बैठकीत सदस्यांपुढे नवे प्रयोग करून दाखवायचे, असे ते कष्टाचे काम होते.

स्प्रिंगचे आकर्षण त्यांना घड्याळामुळे निर्माण झाले. लंबकाऐवजी स्प्रिंगने चालणारे घड्याळ समुद्रावरही अचूक वेळ दाखवील, अशी त्यांना आशा होती. मात्र १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी तशाच घड्याळाची रचना जाहीर केली आणि ही कल्पना मुळात कोणाची, यावरून वाद पेटला. आपले श्रेय पुन्हा हिरावले जाऊ नये म्हणून हूक यांनी १६७६ मध्ये एक युक्ती योजली. स्प्रिंगचा नियम सांगणाऱ्या लॅटिन वाक्यातील १४ अक्षरे त्यांनी वर्णानुक्रमे मांडून छापली. शोध नोंदला गेला. पण त्याचा अर्थ कोणालाच लागेना!

दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यांनी स्वतःच हे कोडे उलगडले. जितके बल, तितका ताण, एवढाच तो नियम होता. हा शोध आपल्याला अठरा वर्षांपूर्वीच लागला होता, असेही त्यांनी नमूद केले. पडताळणीची रीत अगदी साधी होती. वीस ते चाळीस फूट लांबीची तार उंचावरील खिळ्याला बांधायची, खालच्या टोकाला पारडे लावायचे आणि वजन वाढवत नेताना पारडे जमिनीकडे किती सरकते ते मोजायचे. वजन दुप्पट केले की लांबीतील वाढही दुप्पट होते. म्हणूनच बल आणि वाढ यांचा आलेख आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा ठरतो आणि रेषेच्या चढावरून स्प्रिंगचा ताठरपणा कळतो. अर्थात, या नियमाला मर्यादा आहे. बल प्रमाणाबाहेर वाढले की रेषा वाकते आणि वजन काढल्यावरही स्प्रिंग मूळ लांबीवर येत नाही.

हूक यांची प्रतिभा एका विषयात मावणारी नव्हती. सूक्ष्मदर्शकातून बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना त्यांनी दिलेले ‘सेल’ हे नाव आजही रूढ आहे. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनच्या पुनर्बांधणीतही त्यांनी सर्वेक्षक म्हणून मोठा वाटा उचलला. मात्र श्रेयाच्या वादांनी त्यांची पाठ सोडली नाही. गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरून न्यूटन यांच्याशी आलेले वितुष्ट अखेरपर्यंत मिटले नाही.

३ मार्च १७०३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांचे एकही खात्रीलायक समकालीन चित्र उपलब्ध नाही. श्रेय जपण्यासाठी आयुष्यभर झगडलेल्या या शास्त्रज्ञाचा चेहरा काळाच्या ओघात हरवला. पण जो नियम त्यांनी कोड्यात दडवला, त्यानेच त्यांचे नाव राखले. कुठल्याशा वर्गात एखादी विद्यार्थिनी स्प्रिंगला पुढचे वजन लावते आणि कागदावर आणखी एक बिंदू त्याच रेषेवर येऊन बसतो, तेव्हा हूक यांचे श्रेय त्यांच्या पदरात पडलेले असते.