पहारेकऱ्याचा तुरुंग

तुरुंगात कैद्याचे काय होते, याची विचारपूस समाज अधूनमधून करतो. पहारेकऱ्याचे काय होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. इजिप्तचे चित्रपट दिग्दर्शक आतिफ अल-तय्यिब यांनी हा प्रश्न राज्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत विचारला.

सोहाग प्रांतात १९४७ साली त्यांचा जन्म झाला. कैरोच्या चित्रपट संस्थेतून १९७० मध्ये बाहेर पडल्यावर त्यांनी सैन्यात सेवा केली. १९७३ चे युद्ध त्याच काळातले. १९८२ च्या ‘बसचालक’ या चित्रपटाने त्यांचे नाव झाले आणि पुढे पोलीस ठाणे, न्यायालय व तुरुंग हे त्यांचे नित्याचे विषय ठरले. एका चित्रपटात कचेरीत काम करणाऱ्या सामान्य स्त्रिया अनीतीच्या खोट्या आरोपात सापडतात. न्यायालय त्यांना निर्दोष ठरवते, पण गेलेली अब्रू निकालपत्राने परत मिळत नाही.

या साऱ्यांचा कळस म्हणजे १९८६ चा ‘अल-बरी’, अर्थात ‘निरपराध’. वाहिद हामिद यांनी लिहिलेल्या या कथेचा नायक खेड्यातला निरक्षर तरुण आहे. ही भूमिका अहमद झकी यांनी केली. सक्तीच्या लष्करभरतीत त्याला राजकीय कैद्यांच्या छावणीवर धाडतात. हे कैदी देशाचे शत्रू आहेत, असे त्याला सांगितले जाते. तो विश्वास ठेवतो आणि एका कैद्याचा जीवही घेतो. मग एके दिवशी त्याच्याच गावचा सुशिक्षित मित्र बेड्यांत समोर येतो. हा शत्रू कसा असेल, या एका शंकेने त्याची आज्ञाधारकता कोसळते. अखेरीस तो पहाऱ्यावरूनच आपल्या वरिष्ठांवर गोळ्या झाडतो.

संरक्षण, गृह व संस्कृती खात्यांच्या मंत्र्यांनी चित्रपट तपासला आणि हा शेवट कापला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सक्तीने भरती केलेल्या सुरक्षा दलाच्या जवानांनी कैरोत प्रत्यक्षच बंड केले होते. मूळ शेवटासह चित्रपट जाहीरपणे दाखविला गेला तो २००५ मध्ये. तोवर दिग्दर्शक हयात नव्हते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर १९९५ च्या जूनमध्ये, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले होते.

जुलमाला क्रूर माणसे फार लागत नाहीत. अज्ञानी आणि आज्ञाधारक माणसे पुरतात. म्हणूनच अक्षरओळख आणि विचार करण्याची सवय या केवळ शाळेतल्या गोष्टी नव्हेत. नागरिकाच्या हातून अन्याय घडू नये, यासाठीचे ते पहिले संरक्षण आहे. कापलेला शेवट एकोणीस वर्षांनी पडद्यावर परतला. त्याने विचारलेला प्रश्न मात्र कोणत्याच कात्रीला कापता आला नाही.