डोलकाठी कापणारा कप्तान

आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर पोटात गोळाच आला. शुद्धलेखनाच्या चुका रूममेटने काढल्यात, उरलेल्या माझ्या.

विषय मात्र लगेच सुचला. फर्स्ट इयरला मी एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते. कॅम्पमध्ये पहिल्यांदा शिडाच्या छोट्या बोटीला हात लावला. आधी डोलकाठी उभी करायची, तिला तारांनी ताणून बांधायचं, मग आडवा बूम, मग शीड, मग सुकाणू. मी एक दोर उलटा ओवला आणि सगळं पुन्हा सोडावं लागलं. आम्ही दोघी तासभर झटत होतो. पाण्यात उतरलो तेव्हा वारा पडलेला! परत येऊन तेच सगळं उतरवायचं, घड्या घालायच्या आणि शेडमध्ये नीट ठेवायचं. त्या रात्री मनात आलं, दोघींना जमत नाही, मग एकट्या माणसाला हे कसं जमेल? उत्तर लायब्ररीत सापडलं. त्या माणसाचं नाव जोशुआ स्लोकम. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस.

स्लोकमचा जन्म 20 फेब्रुवारी 1844 चा, कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला. वडील कडक. शाळा लवकर सुटली आणि तो वडिलांच्या बूट बनवण्याच्या कामाला जुंपला गेला. पण आईकडचे आजोबा दीपगृह सांभाळायचे, त्यामुळे समुद्र रक्तातच होता. 14 व्या वर्षी घरातून पळून मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकी झाला. पुढे आई गेली आणि त्याने घर कायमचं सोडलं. साधा खलाशी, मग अधिकारी, मग कप्तान. 1871 मध्ये सिडनीला व्हर्जिनिया वॉकर या मुलीशी लग्न केलं. ती त्याच्याबरोबर जहाजावरच राहायची, मुलंही तिथेच वाढली.

मग एकामागून एक घाव. 1884 मध्ये ब्यूनॉस आयर्सच्या बंदरात व्हर्जिनिया गेली, वय फक्त 34. दोन वर्षांनी त्याने दुसरं लग्न केलं. 1887 अखेर ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचं स्वतःचं जहाज ‘अ‍ॅक्विडनेक’ वाळूत रुतून फुटलं. बायको-मुलांसह परक्या देशात अडकलेल्या या माणसाने तिथेच 35 फुटी बोट बांधली आणि तिला चिनी पद्धतीची शिडं लावली. ही शिडं बांबूच्या पट्ट्यांवर असतात, दोर सैल सोडला की पडद्यासारखी घडी होऊन खाली येतात. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली त्याच दिवशी, 13 मे 1888 ला, बोट पाण्यात उतरली, म्हणून नाव ‘लिबरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य. तिच्यातून तो कुटुंबाला घेऊन अमेरिकेला पोचला.

पण तोवर वाफेच्या जहाजांचं राज्य आलं होतं. शिडाच्या जहाजांचे कप्तान कुणाला नको होते. म्हणजे बघा, आयुष्यभर शिकलेली विद्या आउटडेटेड! प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हा भाग वाचला तेव्हा मला खरंच भरून आलं. 1892 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, एका ओळखीच्या कप्तानाने त्याला एक ‘जहाज’ देऊ केलं. जाऊन बघतो तर काय, शेतात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली जुनाट बोट, ‘स्प्रे’. थट्टाच होती ती. स्लोकमने ती मनावर घेतली. लाकडं तोडून, वाकवून, एकेक फळी बदलत 13 महिन्यांत बोट नवी केली. खर्च 553 डॉलर 62 सेंट. लांबी 36 फूट 9 इंच. 24 एप्रिल 1895 ला तो बोस्टनहून एकटाच निघाला.

आता माझ्या आवडीचा भाग. ‘स्प्रे’ जशी निघाली तशी परत आली नाही, वाटेत तो तिला बदलत गेला. ग्लूस्टरला एक छोटी होडी बरोबर घ्यायची ठरली, पण अख्खी होडी डेकवर मावेना आणि एकट्याला उचलेना. पठ्ठ्याने होडी मधोमध आडवी कापली आणि उघड्या बाजूला फळ्या ठोकल्या. अर्धी होडी डेकवर बरोबर बसली, शिडाच्याच दोराने एकट्याला वर घेता येऊ लागली, आणि कपडे धुवायला, आंघोळीला टब म्हणूनही चालली. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत ट्रंकेचं टेबल होतं, तोच प्रकार!

मोरोक्कोच्या किनाऱ्यावर चाचे मागे लागले असताना जोराच्या वाऱ्यात बूम मोडला. पुढे ब्राझीलला त्याने तो 4 फूट कमी करून पुन्हा बसवला. 1896 च्या जानेवारीत तो ब्यूनॉस आयर्सला आला. हेच ते बंदर, जिथे व्हर्जिनिया गेली होती. इथे त्याने डोलकाठी खाली उतरवून 7 फूट कापली. नाळेपुढे निघालेला दांडा, म्हणजे बोस्प्रिट, सुमारे 5 फूट कापला, आणि नंतर त्याच्या टोकावर लोंबकळत शीड आवळताना आणखी फूटभर कापायला हवा होता असं त्याला वाटलं. शीड लहान, म्हणजे ओढायला हलकं. जोर खाली आला, म्हणजे बोट कमी कलंडते. पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत त्याने बोटीच्या मागच्या टोकाला एक छोटी डोलकाठी आणि शीड बसवलं. आता वाऱ्याचा जोर पुढे-मागे वाटला गेला. अप्लाइड मेकॅनिक्समधले मोमेंट आठवा. दोन्ही बाजूंचे मोमेंट जुळले की बोट वळत नाही. याचा फायदा असा की सुकाणू दोराने बांधून कप्तान खाली झोपायला किंवा वाचायला मोकळा. 1897 मध्ये थर्सडे आयलंड ते कोकोस बेटं हे 2700 मैल त्याने 23 दिवसांत कापले, आणि त्यात सुकाणूवर सगळे मिळून तीनेक तासच बसला.

असेच त्याचे बाकीचे किस्से. भारी क्रोनोमीटर दुरुस्त करणं परवडेना म्हणून फुटक्या चेहऱ्याचं एक डॉलरचं घड्याळ घेतलं. रात्री कुणी चढू नये म्हणून डेकवर टाचण्या पसरल्या. दक्षिण आफ्रिकेत अध्यक्ष क्रूगर भेटले, ते पृथ्वी सपाट मानायचे. तिला प्रदक्षिणा घालत निघालेल्या माणसाचं त्यांच्यासमोर काय झालं असेल!

27 जून 1898 ला तो अमेरिकेत न्यूपोर्टला परत पोचला. 46,000 मैल, तीन वर्षं दोन महिने. 1900 मध्ये आलेलं त्याचं पुस्तक गाजलं, त्याने जमीनही घेतली, पण शेतीत मन रमलं नाही. 1908-09 च्या सुमारास तो ‘स्प्रे’ घेऊन दक्षिणेकडे निघाला आणि परत आलाच नाही. 1924 मध्ये कायद्याने त्याला मृत ठरवलं. आपल्याकडे अशी एकट्याची प्रदक्षिणा प्रथम केली कमांडर दिलीप दोंदे यांनी, 2009-10 मध्ये, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून.

आपण प्रोजेक्ट करताना अजून काय जोडता येईल हेच बघतो. एक सेन्सर, एक मोटर, मग ते दारातूनच बाहेर जात नाही. स्लोकमने उलटं केलं. आपल्या दोन हातांना काय पेलतं ते पाहिलं आणि बाकीचं करवतीने कापून टाकलं. त्याच्याकडे माणसं नव्हती, पैसा नव्हता, जगाला त्याची विद्याही नको होती. जे उरलं ते पुरलं.

पुढच्या कॅम्पला मी काही कापलं नाही, तेवढी हिंमत नव्हती आणि बोटही माझी नव्हती. फक्त प्रत्येक दोराच्या टोकाला वेगळ्या रंगाची लोकर बांधली, आणि लावायच्या उलट्या क्रमाने सामान शेडमध्ये रचून ठेवलं, म्हणजे पहिलं लागणारं सगळ्यात वर. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत बोट तयार. आणि वारा अजून होता!