ठाण्याच्या किल्ल्यातील बंदिवान : त्रिंबकजी डेंगळे

ठाणे शहरातील मध्यवर्ती तुरुंग आपल्यापैकी बहुतेकांनी बाहेरून पाहिला असेल. कल्याण-डोंबिवलीकडून नित्य ठाण्यास येणाऱ्या मंडळींस हा तुरुंग परिचित असला, तरी तो मुळात एक किल्ला होता याचे स्मरण फारच थोड्यांस असते. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास त्याचे बांधकाम आरंभिले, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला व १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो जिंकून घेतला. याच किल्ल्यात १८१५ मध्ये पेशवाईतील एक बलाढ्य कारभारी खुनाच्या आरोपावरून आणून ठेवण्यात आला. त्याचे नाव त्रिंबकजी डेंगळे. त्याच्या चरित्रात शौर्य आहे, क्रौर्य आहे. पण आपणांस विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे.

त्रिंबकजी हा अहमदनगर प्रांतातील निमगाव जाळी येथील. पेशव्यांच्या पदरी त्याचा प्रवेश जासूद म्हणून, म्हणजे अगदी खालच्या पायरीवर झाला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला व दुसरे बाजीराव महाडकडे निघून गेले. त्या संकटकाळी पुण्यास पत्र पोचवून त्याचे उत्तर विलक्षण त्वरेने आणल्यामुळे तो धन्याच्या नजरेत भरला, असे सांगतात. पुढे त्याचा उत्कर्ष झपाट्याने झाला. बुद्धी तल्लख, स्वभाव धाडसी व धन्याच्या आज्ञेपुढे दुसरा विचार न करण्याची वृत्ती, यांमुळे बाजीरावांचा तो उजवा हात बनला. महालांचे मक्ते लिलावाने देऊन त्याने सरकारी तिजोरी भरली. परंतु त्या पद्धतीत रयत भरडली गेली, हेही नमूद केले पाहिजे. १८१४ मध्ये गुजरातेतील अहमदाबादचा सुभाही त्याच्या हाती आला.

याच सुभ्यावरून पुढचा अनर्थ ओढवला. अहमदाबादचा मक्ता व जुनी येणी यांसंबंधी पेशवे व बडोद्याचे गायकवाड यांच्यात तंटा होता. तो मिटविण्यासाठी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांची हमी घेऊन पुण्यास आले. बाजीरावांनी प्रथम त्यांना सर्व प्रकारे आपलेसे करण्याचा प्रयत्न केला. आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलास देण्याचेही ठरले व नाशिकास लग्नाची तयारी झाली. परंतु शास्त्र्यांनी तो विवाह लांबणीवर टाकला आणि पेशव्यांची मर्जी फिरली.

१८१५ च्या जुलै महिन्यात, आषाढीच्या यात्रेच्या निमित्ताने, पेशवे, त्रिंबकजी व गंगाधरशास्त्री पंढरपुरास होते. एके सायंकाळी शास्त्र्यांची प्रकृती बरी नव्हती. देवदर्शनास यावे असे त्रिंबकजीचे निरोप त्यांना वारंवार आले. त्यांनी आरंभी नकार दिला. अखेर थोड्या माणसांनिशी ते गेले. दर्शन घेतले, त्रिंबकजीशी बोलणे झाले आणि बिऱ्हाडी परतत असता वाटेत मारेकऱ्यांनी त्यांच्यावर शस्त्रे चालविली. यात्रेच्या क्षेत्री, विठ्ठलाच्या दारी, एका विद्वान ब्राह्मण वकिलाचा असा अंत व्हावा, याने सारा महाराष्ट्र हादरला.

पुण्याचे इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी आपल्या परीने माहिती गोळा केली व त्रिंबकजी हाच सूत्रधार असा निष्कर्ष काढला. शास्त्र्यांचे बडोद्याकडील वैरी बंडोजी व भगवंतराव यांच्यावरही संशय होता. आधी अपराध शाबीत करा, असा बाजीरावांचा आग्रह. आधी माणूस स्वाधीन करा, असा एल्फिन्स्टन यांचा. अखेर फौजेच्या दडपणापुढे पेशव्यांना नमावे लागले आणि सप्टेंबर १८१५ मध्ये त्रिंबकजी इंग्रजांच्या स्वाधीन होऊन ठाण्याच्या किल्ल्यात आला.

त्याच्यावर पहारा गोऱ्या शिपायांचा होता. त्यांना मराठी कळत नसे, आणि हीच गोष्ट बंदिवानाच्या उपयोगी पडली. एका इंग्रज अंमलदाराचा मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्याची चाकरी करता करता गाणी म्हणे व त्या गाण्यांतून सुटकेचा बेत कैद्यास कळवी, अशी हकीकत बिशप हेबर यांनी पुढे लिहून ठेवली आहे. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री शौचकूपाच्या भिंतीस पाडलेल्या भोकातून त्रिंबकजी निसटला.

तो डोंगराळ मुलखात जाऊन माणसे जमवू लागला. पेशव्यांचीच त्याला गुप्त मदत आहे, असे धरून एल्फिन्स्टन यांनी सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले ओलीस मागितले आणि जून १८१७ मध्ये पुण्याचा तह लादला. या तहाने कल्याणसह उत्तर कोकणचा मुलूख इंग्रजांकडे गेला. आपला कल्याण प्रांत पेशव्यांच्या हातून गेला, त्यामागे पंढरपुरातील तो खून होता, हे येथील कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच तहात गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा अपराधी त्रिंबकजीच आहे, असे बाजीरावांकडून कबूल करून घेण्यात आले.

पुढील युद्धात त्रिंबकजी पेशव्यांच्या बाजूने लढला. १८१८ मध्ये नाशिककडील अहिरगाव येथे तो पकडला गेला व काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. १८२४ मध्ये हेबर यांनी त्याला तेथे पाहिले. १८२९ मध्ये कैदेतच त्याचा अंत झाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्रिंबकजी अपराधी होता काय? फौजदारी कायद्यात मनुष्य मेला एवढ्याने खून सिद्ध होत नाही. मारणाऱ्याचा हेतू अथवा जाणीव सिद्ध व्हावी लागते. आणि ज्याने स्वतः शस्त्र उचलले नाही, त्याच्याबाबत चिथावणी, कट किंवा बुद्धिपुरस्सर साहाय्य यांपैकी काही दाखवावे लागते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने हे तत्त्व नियमबद्ध केले व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. त्रिंबकजीने आजारी माणसास पुनःपुन्हा बोलाविले, हे त्याच्याविरुद्ध जाणारे वर्तन खरे. परंतु बोलावणे म्हणजे मारेकऱ्यांशी संगनमत नव्हे. त्या दोहोंमधील दुवा साक्षीपुराव्याने जोडावा लागतो, आरोपीस उत्तर देण्याची संधी द्यावी लागते आणि त्रयस्थ न्यायाधीशाने निर्णय द्यावा लागतो. येथे फिर्यादी, तपासणारा व निर्णय देणारा एकच होता. अपराध न्यायसभेत ठरला नाही. तो तहाच्या कलमात लिहिला गेला.

यात त्रिंबकजीचे समर्थन नाही. तो कदाचित अपराधी असेलही. पण उघड चौकशी न झाल्याने अन्याय एकट्या त्याच्यावरच झाला असे नाही. गंगाधरशास्त्र्यांनाही न्याय मिळाला नाही. त्यांच्यावर प्रत्यक्ष शस्त्र कोणी चालविले व कोणाच्या आज्ञेने, याचा निर्विवाद उलगडा आजतागायत झालेला नाही. राजकारणाला बंदिवान हवा होता, तो मिळाला; सत्य मात्र पंढरपूरच्या त्या वाटेवरच राहिले.

आपल्या घरांत, आळीत, ज्ञातीतही एखाद्यावर आळ येतो आणि चौकशीपूर्वीच निवाडा होऊन जातो. ठाण्याच्या त्या जुन्या तटावरून जाताना त्रिंबकजीचे स्मरण झाले, तर एवढे मनाशी बाळगावे की संशय कितीही बळकट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.