पानाफुलांतून शिकवणाऱ्या ताराबाई मोडक



चैत्राच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हांला एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. कोणी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई फुले घेतल्या. मी ताराबाई मोडक घेतल्या. त्याला कारण माझा धाकटा भाऊ आहे. तो आता तीन वर्षांचा आहे. मागच्या वर्षी आई-बाबा कामाला गेले की त्याला सांभाळायला घरी मीच असायची. त्यामुळे शाळेत माझे खाडे पडायचे आणि गुणाकार-भागाकार मागे राहायचे. बाईंनी ताराबाईंची गोष्ट सांगितली तेव्हा मला फार नवल वाटलं. माझ्यासारख्या मुलींची अडचण त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी ओळखली होती!

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. म्हणजे ऐन वसंत ऋतूत. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्या काळी बहुतेक मुलींना शाळेचे तोंडही पाहायला मिळत नसे. ताराबाई मात्र शिकत गेल्या आणि १९१४ साली बी. ए. झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. पुढे राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मोठा पगार, मोठा मान. पण त्यांचे मन तिथे रमले नाही.

गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाचे एक शिक्षक होते. मुले त्यांना मिशाळी आई म्हणत, इतके ते प्रेमळ होते. इटलीच्या मारिया माँटेसरी या बाईंनी लहान मुलांना शिकवण्याची एक नवी रीत काढली होती. त्या रीतीने गिजुभाई बालमंदिर चालवत. तिथे छडी नव्हती, धाक नव्हता, बक्षिसाची लालूचही नव्हती. मूल आपल्या हातांनी काम करत करत शिके. हे पाहून ताराबाई १९२३ साली भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंच्या सोबत काम करू लागल्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई मुंबईला परत आल्या आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले.

शहरातले काम छान चालले होते. पण त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. माँटेसरीची साधने सुंदर असत, पण महाग असत. लाकडी ठोकळे, रंगीत पट्ट्या, मणी. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्याच मुलांना ती मिळत. मग खेड्यातल्या मुलांनी काय करायचे?

म्हणून १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी या गावी आल्या. तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. शहरातली सोय सोडून त्यांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्या मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई पुढे आयुष्यभर तेच काम करत राहिल्या.

बोर्डीला महागडी साधने कुठून आणणार? ताराबाईंनी आजूबाजूला पाहिले. किनाऱ्यावर शंख-शिंपले होते. झाडाखाली पाने, फुले, बिया पडलेल्या होत्या. नदी-ओढ्यात गोटे होते, पक्ष्यांची पिसे होती, माती तर हवी तेवढी. त्यांनी ह्याच वस्तू मुलांच्या हातात दिल्या. मुले शिंपले मोजू लागली, बियांच्या रांगा लावू लागली, पानांचे आकार ओळखू लागली. पैशांवाचून शाळा उभी राहिली.

पण वस्तीवरची काही मुले यायचीच नाहीत. ताराबाईंनी त्यांच्यावर राग धरला नाही. मुले येत नसतील तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरवले. त्या आणि अनुताई वस्तीवर जायच्या. तिथेच कुणाच्या तरी अंगणात मुलांना जमवून शिकवायचे. हीच अंगणवाडी. आज गावोगावी आपण जी अंगणवाडी पाहतो, तिच्या नावामागे ही गोष्ट आहे. सरकारची अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली.

१९५७ च्या सुमारास त्यांचे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तिथे वारली लोकांची वस्ती. मोठी मुले एकतर गुरे राखायची, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळायची. गुरे राखणाऱ्यांसाठी ताराबाई आणि अनुताईंनी कुरणशाळा काढली. गुरे चरत आहेत आणि शेजारी मुले शिकत आहेत, अशी ती शाळा. आणि भावंडे सांभाळणाऱ्यांसाठी काढली विकासवाडी. तिथे एकाच आवारात तान्ह्यांसाठी पाळणाघर, लहानांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा. ताई धाकट्याला कडेवर घेऊन यायची, त्याला पाळणाघरात किंवा बालवाडीत सोडायची आणि स्वतः वर्गात जाऊन बसायची. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ती ताई मीच आहे असं मला वाटलं.

यंदा माझा भाऊ आमच्या शाळेशेजारच्या अंगणवाडीत येतो. आम्ही दोघं बरोबर निघतो. यंदा माझा एकही खाडा नाही. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी मी त्याला ताराबाईंच्या रीतीने खेळवते. सध्या वसंत ऋतू आहे, त्यामुळे सामानाला तोटा नाही. आम्ही काय काय करतो ते सांगते. तुम्हीही करून बघा.

पहिला खेळ पानांच्या रांगेचा. सागाचं वाळलेलं पान, वडाचं, पिंपळाचं, आंब्याचं आणि शेवटी चिंचेचं इवलंसं पान. मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावायची. भाऊ आधी चुकायचा. मी त्याला रागावत नाही. तो स्वतःच बघतो आणि पान उचलून नीट जागी ठेवतो.

दुसरा खेळ रंगाचा. पळसाची खाली पडलेली फुलं आई पाण्यात उकळून देते. पाणी गार झालं की छान केशरी रंग होतो. त्यात बोट बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर ठसे उमटवायचे. भेंडी कापून तिचाही ठसा उमटतो, अगदी फुलासारखा.

तिसरा खेळ मातीचा. चिकणमाती भिजवून गोळे करायचे, चपात्या लाटायच्या, साप करायचा. सापाला चिंचोक्याचे डोळे मी स्वतः लावते. कारण लहान मुलं चिंचोका तोंडात, नाकात घालतात. तेव्हा मोठ्यांनी जवळ बसलंच पाहिजे.

चौथा खेळ तोरणाचा. आंब्याच्या पानांना मी आधी भोक पाडून ठेवते. भाऊ त्यातून जाड दोरा ओवतो. गुढीपाडव्याला आमच्या दारावर त्यानेच ओवलेलं तोरण होतं. थोडं वाकडं होतं, पण आजीने सगळ्या आळीला बोलावून दाखवलं!

पालकहो, हे बघून कोणाला वाटेल की हा नुसता वेळ घालवणं आहे. आमच्या बाबांनाही आधी तसंच वाटायचं. पण दोरा ओवताना बोटं तयार होतात, तीच बोटं उद्या पेन्सिल धरतात. पानांची रांग लावताना लहान-मोठं कळतं, तेच पुढे गणितात लागतं. बाईंनी हे बाबांना समजावून सांगितलं. आता बाबा कामावरून येताना खिशातून सावरीची लाल फुलं घेऊन येतात आणि भावाला पाकळ्या मोजायला लावतात. पाच असतात.

ताराबाईंच्या कार्याबद्दल भारत सरकारने त्यांना १९६२ साली पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे नेले. त्यांनाही १९८५ साली पद्मश्री मिळाली.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वर्गातली एखादी मुलगी वरचेवर गैरहजर राहत असेल तर तिला आळशी म्हणू नका. तिच्या घरी कडेवर कोणी धाकटं आहे का ते बघा. असेल तर तिला सांगा, अंगणवाडी जवळच आहे, धाकट्याला घेऊन ये. मलाही असंच सांगितलं होतं, म्हणून आज मी हे लिहिते आहे.

अशा या थोर ताराबाईंना माझे शतशः प्रणाम!

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी